केलेराचं पोट आणि वाइतोलूचं जाळं

केलेराचं जाळं अजून माझ्या पडवीत टांगलेलं आहे. इसिकेली, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "उंदरांनी अर्धं खाल्लंय, जाळून टाक." मी म्हणते, "आधी परसातली तुझी गंजलेली इंजिनं हलव, मग माझ्या जाळ्याकडे बघ." त्यावर तो परत इंजिनांकडे वळतो. जाळं त्याच्या बहिणीचं आहे, आणि बहिणीबद्दल फार बोलायचं नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे, ती जाऊन दोन वर्षं झाली तरी.

आता आमच्या बेटावर, वाइतोलू गावात, जाळं ओढायला कोणी जातच नाही. मुली लॉरीत बसून लेवुकाला जातात, मासळीच्या कारखान्यात डबे भरतात आणि संध्याकाळी तोच डब्यातला मासा घेऊन घरी येतात. दारात समुद्र आणि ताटात डबा! केलेरा असती तर तिने एकेकीला असं सुनावलं असतं की डबा उघडायची हिंमत झाली नसती.

तेव्हा तसं नव्हतं. ओहोटी लागली की केलेरा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची आणि आम्ही बायका हातातलं काम टाकून निघायचो. चुलीवर दालोचे, म्हणजे अळूचे, कंद शिजत असले तर घरातल्या म्हातारीला म्हणायचं, लक्ष ठेव. छातीइतक्या पाण्यात आम्ही जाळ्याचा अर्धगोल धरून उभ्या राहायचो. कोणी पाण्यावर हात आपटायची, कोणी नुसतीच ओरडायची, आणि बोय मासा बिचकून जाळ्याकडे पळायचा. खडकाच्या बाजूचं टोक केलेराकडे. ती डावखुरी. दोर डाव्या हाताच्या बोटांवर अलगद धरायची आणि डोळे मिटून म्हणायची, "थांबा... अजून नाहीत... आता!" मी रेवाकडची, नदीच्या गाळात वाढलेली. मला समुद्रात उभं राहायला तिनेच शिकवलं, आणि शिकवताना चारदा बुडवलंही.

नात्याने ती माझी नणंद. आमच्याकडे नणंद-भावजया एकमेकींना दाउवे म्हणतात, आणि दाउवेंना एकमेकींची वाटेल ती टिंगल करायची मोकळीक असते. रागावेल तीच वेडी ठरते. उलट सख्ख्या बहीण-भावांनी वयात आल्यावर एकमेकांशी समोरासमोर बोलायचं नाही, एका चटईवर बसायचं नाही. त्यामुळे आमच्या घरात मजाच होती. इसिकेली दाराशी, केलेरा चुलीशी, आणि तो मला म्हणायचा, "तिला विचार, माझी सुरी कुठंय?" ती मला म्हणायची, "त्याला सांग, टाकली असेल तिथेच." मी मध्ये बसून चहा पीत राहायचे, कारण दोघांनाही सगळं ऐकू आलेलं असायचं.

लग्न तिने केलं नाही. दोनदा मागणी आली. पहिल्यांदा बाप अंथरुणाला खिळला होता, त्याला कोण बघणार म्हणून राहिलं. दुसरा लौतोका शहरातला, चांगला सरकारी नोकर, पण गावात आला तेव्हा होडीतून उतरेपर्यंत दोन्ही हातांनी काठ धरून बसला होता. "पाण्याला भितो," केलेरा म्हणाली, आणि तो विषय संपला.

तिचं पोट वाढायला लागलं तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. आधी मीच चेष्टा केली. "दाउवे, एकटी एकटी काय खातेस? आम्हालाही दे की."

"तुझ्याच वाट्याचं खाते. बघ कशी वाळलीस," ती म्हणाली.

पण नंतर एकदा तिने मला ओढ्यावर बोलावलं आणि तिचा सुलू दाखवला. कमरेला गुंडाळायचं ते कापड रक्ताने पार भिजलं होतं. महिन्यातले आठ-दहा दिवस असं जायचं, गुठळ्या पडायच्या, आणि तशातच ती कोणाला न सांगता पाण्यात उतरून आमच्याबरोबर जाळं ओढायची. "वय झालं की होतं असं," ती म्हणाली. "कोणाला बोलू नकोस." मी बोलले नाही.

त्याच सुमाराला जाळं रिकामं यायला लागलं. आता बायकांचं जाळं रिकामं आलं की आमच्याकडे समुद्राला कोणी दोष देत नाही. जाळं धरणाऱ्यांत कोणीतरी पोटुशी आहे आणि तिने ते सांगितलेलं नाही, असं धरतात. पोटुशीने आपणहून सांगायचं आणि जाळ्यापासून दूर राहायचं, ही रीत. लपवलं की मासा पळतो, पाव फुगत नाही, चुलीवरचा कंद कच्चा राहतो. हसायचं त्याने हसावं. आमच्या गावात अजून केक बसला तरी आधी सुनांच्या पोटांकडे बघतात.

एक ओहोटी रिकामी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. त्यातच गावचे म्हातारे प्रमुख वारलेले, आणि त्यांच्या शंभराव्या रात्रीचं जेवण तोंडावर आलेलं. पुरुषांनी डुकरं आणि दालो आणायचे, बायकांनी मासा. मासा नसला तर शेजारच्या चार गावांसमोर आम्हा बायकांची नाचक्की. मग जी ती दुसरीच्या पोटाकडे बघायला लागली. तोरिका नावाची एक नवी सून होती, तिला दिवसातून तीनदा कोणीतरी विचारायचं, "काय गं, काही आहे का?" ती बिचारी रडत रडत सांगायची, नाही. दोघी जावा तर ओढ्यावर झिंज्या उपटण्यापर्यंत गेल्या. केलेराकडे मात्र कोणी थेट बोट दाखवत नव्हतं, कारण ती जाळ्याची मुख्य, आणि नवरा नसलेली. पण बघत सगळ्याच होत्या.

शेवटी बुबु माकेरेता आली. बुबु म्हणजे आजी. ती सगळ्या गावाचीच बुबु, आणि बायकांमध्ये तिचा शब्द शेवटचा. ती आमच्या चटईवर बसली, तिच्यामागे दहा-बारा जणी बसल्या.

"केलेरा, आम्ही काही विचारायला आलो नाही हो. नुसत्या बसायला आलोय."

"बसा की," केलेरा म्हणाली.

"जाळं रिकामं येतंय."

"येतंय खरं."

"जिचं असेल तिने सांगावं. कोणी तिला काही बोलणार नाही. बाप कोण, तेही विचारणार नाही. मला फक्त मासे हवेत. गेलेल्या माणसाच्या नावाने मी काय डब्यातला मासा वाढू?"

कोपऱ्यात तोरिका पुन्हा मुसमुसायला लागली. केलेराने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि मला काही कळायच्या आत ती म्हणाली, "आमच्या घरात मूल येणार आहे, बुबु. मला दिवस गेलेत. त्या पोरीला सोडा आता."

माझ्या हातातला चहा सांडला. बायकांनी ओंजळीने टाळ्या वाजवल्या, बुबुने डोळे पुसले. दाराबाहेर इसिकेली उभा होता. तो तसाच मागे फिरला आणि अंधार पडेपर्यंत शेतावरून परत आला नाही.

सगळ्या गेल्यावर मी तिला धरलं. "डोकं फिरलंय का तुझं? महिन्याचे दहा दिवस तुझं ते चालू, आणि म्हणे दिवस गेलेत!"

"मग काय करू? रोज एकीला रडवतायत. माझं पोट नाहीतरी दिसतंच आहे, लागू दे कामाला."

"आणि वेळ भरली की काय देशील त्यांना? नारळ?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. आधी मासे येऊ देत."

आणि मासे आले! पुढच्याच ओहोटीला बोयीचा मोठा थवा आत शिरला, जाळं ओढता ओढता आमचे दंड भरून आले. शंभराव्या रात्रीचं जेवण असं झालं की चारही गावांच्या बायका अजून नाव काढतात. फक्त केलेरा जाळ्यावर नव्हती. पोटुशीने जाळ्याला हात लावायचा नसतो. तिवरांजवळ एक काळा खडक आहे, त्यावर टोपली मांडीत घेऊन ती बसायची आणि तिथून ओरडायची, "डावीकडे! अगं म्हशींनो, डावीकडे!" तिचं टोक तोरिकाला दिलं होतं, आणि तोरिकाचं "आता" नेहमी उशिरा यायचं. ते ऐकून केलेरा खडकावर मुठी वळायची. मला पाण्यातूनही दिसायचं.

गावाने तिचे लाड सुरू केले. पहिला मासा तिला, नारळाच्या दुधातला खेकडा तिला, नवी विणलेली चटई तिला. पाळक मात्र रविवारी चर्चमध्ये मुद्दाम व्यभिचारावर बोलले आणि बोलताना छताकडे बघत राहिले. बाप कोण हे तिला विचारायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून सगळ्यांनी ते मला विचारलं. इसिकेलीही आला. "तिला विचार, कोण आहे तो."

मी आत गेले आणि बाहेर येऊन सांगितलं, "ती म्हणते, पाण्याला भिणारा नाही एवढं नक्की." रागवावं की हसावं हे त्याला ठरवता येईना. खरं काय ते मी त्यालाही सांगू शकत नव्हते. बहिणीच्या अंगावरून जातं, हे भावाच्या कानावर घालायचं तरी कोणत्या तोंडाने?

महिने गेले. बायका बोटांवर मोजायला लागल्या. पोट होतं तेवढंच राहिलं, पण केलेराच्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी कळा आली. एक दिवस टोपली उचलता उचलता ती खडकावरच कोसळली. बायकांना वाटलं, कळा सुरू झाल्या. मी लॉरी बोलावली आणि तिला लेवुकाच्या दवाखान्यात नेलं.

तिथली सिस्टर आकोसिता माझ्या माहेरची. तिने पोटाला काहीतरी चिकट लावून यंत्र फिरवलं, पडद्याकडे पाहिलं आणि आमच्याकडे वळली.

"मूल नाही, हे माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"मग तुमच्या गावात बाळंतविड्याची तयारी चाललीय ती कोणासाठी?"

गर्भाशयात गाठी होत्या. फायब्रॉइड म्हणतात त्या. कर्करोगाच्या नव्हेत, पण एक तर लहान शहाळ्याएवढी, आणि सगळा रक्तस्राव त्यांच्यापायीच. अंगात रक्त इतकं कमी झालं होतं की आधी दोन बाटल्या चढवल्या. मग तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, राजधानीला, सुवाला जा, पोट उघडून पिशवी काढून टाकतील. लग्न नाही, मूलबाळ नाही, ठेवायची तरी कशाला?

"कशाला म्हणजे?" केलेरा म्हणाली. "वापरलं नाही म्हणून घरातलं भांडं फेकून देतात होय?" डॉक्टर तरुण होते, ते लगबगीने दुसऱ्या खाटेकडे गेले.

मग ती माझ्याकडे वळली, आणि या वेळी ती चेष्टा करत नव्हती. "लोसा, मला मूल नकोय आता. मला पाण्यात परत जायचंय. पलीकडच्या गावच्या मास्तरीणबाईंचं पोट उघडलं, त्यांनी पुन्हा जाळ्याला हात लावला नाही. आणि आतलं काही काढून आले तर बायका म्हणतील, मूलच काढून आली. मग मला कोण धरू देणार दोर?"

आकोसिता तिथेच सलाइन बदलत होती. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात ब्रिस्बेनचे डॉक्टर सुवाला येतायत. ते पोट उघडत नाहीत. मनगटातल्या नाहीतर जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत बघत ती गाठीला रक्त नेणाऱ्या वाटेपर्यंत नेतात, आणि तिथे वाळूच्या कणाएवढे मणी सोडून वाट बुजवतात. गाठीला रक्त मिळेनासं झालं की ती हळूहळू सुकते."

केलेरा उठून बसली. "म्हणजे दालोच्या खाचराचं पाणी तोडलं की दालो सुकतो, तसं?"

"तसंच."

"मग त्याला ब्रिस्बेनचा डॉक्टर कशाला हवा? माझ्या भावाने शेजाऱ्याच्या खाचराचं कितीदा तोडलंय!"

सुवाच्या मोठ्या इस्पितळात आम्हाला ब्रिस्बेनहून आलेली डॉक्टर फ्रॅन भेटली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, पायात पुरुषी बूट. तिने नर्सकरवी सगळं साफ सांगितलं, गुळमुळीत काही नाही. नंतर एक-दोन दिवस पोटात फार दुखेल, तापही येईल. गाठी लहान होतील, पार नाहीशा होणार नाहीत, आणि लहान व्हायलाही महिने लागतील. कधी कधी उपयोग होत नाही, मग पिशवी काढावीच लागते. "मी शक्यतो डाव्या मनगटातून जाते," ती म्हणाली.

केलेराने हात पाठीमागे लपवला. "तो नाही. तो जाळ्याचा हात आहे."

"अगदी बारीक भोक असतं. चार दिवसांत भरून येतं."

"मग जांघेतून जा. तिथून मी मासे धरत नाही."

नर्सने ते सांगितलं तशी डॉक्टर फ्रॅन खो-खो हसली आणि जांघेतून गेली.

मला आत सोडलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं केलेराच्या तोंडचं, आणि दर वेळी सांगताना त्यात एखादी ओळ वाढायची. ती जागीच होती, फक्त गुंगीत. नळीतून औषध सोडलं तशी अंगात गरम लाट गेली आणि तिला वाटलं, आपण टेबलावरच मुतलो. "मी माफी मागितली तिची. तर म्हणते, सगळ्यांनाच असं वाटतं. म्हटलं, बये, मग आधी सांगायला काय झालं होतं?" नंतर पडद्यावर तिला तिच्याच पोटातल्या वाहिन्या दिसल्या. काळ्या, तिवराच्या मुळांसारख्या, एका गोळ्याला वेढून बसलेल्या. डॉक्टर मणी सोडत गेली तशी एकेक मुळी पडद्यावरून पुसली गेली.

"पण लोसा, खरं सांगू का," ती दर वेळी शेवटी म्हणायची, "ती बाई बोलत नव्हती. नळी दोन बोटांत अशी अलगद धरली होती, आणि बोटांना काय लागतंय ते बघत थांबली होती. मी तेव्हाच ओळखलं, हिला जाळं धरता आलं असतं." याहून मोठी स्तुती तिने आयुष्यात कोणाची केली नाही.

संध्याकाळी मात्र दुखण्याने तिला पिळून काढलं. नर्सने औषध दिलं तरी ती पाय पोटाशी घेऊन कण्हत होती. "बाळंतपण असंच असतं का गं?" तिने मला विचारलं. माझी दोन झालेली. म्हटलं, "असंच."

"मग ते तरी कळलं मला," ती म्हणाली आणि माझा हात इतका दाबला की बोटं बधिर झाली. मला रडू कोसळलं. मी तिच्यासमोर हमसाहमशी रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

परत आलो तेव्हा बायका धक्क्यावर उभ्या होत्या, हातात नवी दुपटी घेऊन. आम्ही उतरलो ते गोळ्यांची पिशवी घेऊन. "बाळ कुठंय?" तोरिकाने विचारलं. केलेरा म्हणाली, "सांगते. अजून थोडं थांबा." पोट उतरलं की मगच सांगायचं असं आमचं ठरलं होतं, कारण नुसत्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?

पण पी हळद अन् हो गोरी, असं काही झालं नाही. रक्त जाणं आधी कमी झालं, मग चेहऱ्यावर रंग आला. पोट मात्र आपल्या चालीने उतरत राहिलं, आणि ते जसं उतरलं तशी गावातली कुजबुज चढली. मूल कुठे गेलं? सुवाला जाऊन काय करून आल्या दोघी? पहिला मासा यायचा बंद झाला. ओढ्यावर आम्ही गेलो की इतरजणी धुणं उचलून वरच्या अंगाला जायच्या. मी एकीशी भांडले. केलेरा भांडली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मग एका शनिवारी तिने चांगला सुलू नेसला, केसात फणी खोचली आणि यांगोनाच्या, म्हणजे आम्ही कुटून पितो त्या, मुळांची जुडी घेऊन बायकांच्या बैठकीत गेली. दाराशी, सगळ्यांच्या खाली बसली. माफी मागायची आमची हीच रीत. मुळं पुढे ठेवायची आणि समोरच्याने त्यांना हात लावेपर्यंत मान वर करायची नाही.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मूल कधीच नव्हतं. पोटात गाठी होत्या. सुवाला त्यांचं रक्त तोडलं, त्या सुकतायत. कोणाला मारलं नाही, काही काढून टाकलं नाही. भावजय साक्षीला आहे."

बुबु माकेरेता मुळांकडे बघत म्हणाली, "मग मासे कसे आले?"

"बोयीचा हंगाम होता, बुबु."

"गप्प बस. हंगाम मला शिकवतेस? मला माझ्या समजुतीसकट मरू दे." तिने मुळांना हात लावला नाही. "पुढच्या ओहोटीला ये. तुझं टोक धर. तू खरं बोलतेस की नाही ते जाळं सांगेल. भरून आलं तर ही मुळं कुटून पिऊ. रिकामं आलं तर उचलून घरी ने, आणि परत जाळ्याकडे येऊ नकोस."

त्या ओहोटीच्या दिवशी सकाळी चुलीवर मासा उकळत होता, त्याचा वास आला आणि मी माडाआड जाऊन ओकले. काळजीने झालं असेल म्हटलं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

केलेराने शिट्टी मारली नाही. गुपचूप पाण्यात उतरली. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा तिने मोठा श्वास सोडला आणि दोर डाव्या हातात घेतला. आम्ही अर्धगोल धरला. तिने डोळे मिटले. "थांबा... अजून नाहीत..." आम्ही इतक्या थांबलो की माझे दात वाजायला लागले. "आता!"

ओढलं. शेवाळाचा गुंता आणि एक खेकडा. तोही पळाला.

बुबु किनाऱ्यावर काठी टेकून उभी होती. केलेरा आपल्या डाव्या हाताकडे बघत होती, त्या हातानेच तिला फसवल्यासारखी. तिचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. मला वाटलं, आता ही पुन्हा कधी पाण्यात येणार नाही. आणि तेवढ्यात माझ्या पोटात पुन्हा ढवळलं, मी तोंडावर हात दाबला.

केलेराने मान वर केली. "लोसा, सकाळी माडाआड काय करत होतीस?"

"पित्त झालंय."

"आणि काल?"

"कालही पित्तच."

"चहा का सोडलास?"

"कडू लागतो म्हणून," मी म्हणाले, आणि बोटांवर मोजायला लागले, आणि मोजता मोजता थांबले. माझ्या पोरांना मिशा फुटत होत्या. आपलं ते सगळं आटोपलं म्हणून मी हिशेब ठेवणंच सोडलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

केलेरा दोर न सोडता किनाऱ्याकडे वळली आणि खच्चून ओरडली, "बुबु! आमच्या घरात मूल येणार आहे! या वेळी खरं!"

"या वेळी बापही माहितीये!" तोरिका ओरडली. बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या, एकीच्या नाकातोंडात पाणी गेलं.

"बाहेर हो," केलेरा मला म्हणाली. "चल, नीघ जाळ्यातून. माझ्या खडकावर बस जा." मी निघाले. थंडीने कुडकुडत काळ्या खडकावर बसले, टोपली मांडीत घेतली, आणि त्यांनी माझ्याशिवाय अर्धगोल धरला.

आता खरं सांगायचं तर त्या खेपेलाही मासे फार नव्हते. टोपलीचा तळ जेमतेम झाकला. बुबु काठी टेकत टेकत आली, टोपलीत वाकून पाहिलं. मग तिने पाण्यात उभ्या असलेल्या केलेराकडे पाहिलं. दोर अजून तिच्या डाव्या हातात होता.

"भरलं," बुबु म्हणाली. "बाई गं, किती भरलं! यांगोना कुटायला घ्या."

तेव्हा कुठे केलेराने दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली.

संध्याकाळी घरात नेहमीसारखंच होतं. इसिकेली दाराशी, ती चुलीशी, मी मध्ये. तो म्हणाला, "तिला सांग..." आणि थांबला.

"काय सांगू?"

"सांग, शेतापर्यंत शिट्टी ऐकू आली."

चुलीकडून आवाज आला, "त्याला सांग, पुढच्या ओहोटीलाही येईल." त्या दिवशी त्या दोघांना माझी गरज नव्हती.

मला मुलगी झाली. तिचं नाव केलेरा ठेवलं, आणि मोठीने धाकटीला चालायच्या आधी पाण्यात उभं राहायला शिकवलं. गाठींनी मोठीला पुन्हा कधी त्रास दिला नाही. ती गेली डेंगूच्या तापाने, चार दिवसांत, डाव्या हाताला दोराचे घट्टे तसेच होते. बुबु तिच्या आधीच गेलेली, आपल्या समजुतीसकट. मग जाळं कोणी बाहेर काढलंच नाही.

इसिकेली परसात दिवसभर इंजिनं खटखटवत असतो, मला त्या आवाजाचा वीट आलाय. पण ओहोटी लागायची वेळ झाली की तो इंजिन बंद करतो, हात पुसतो आणि समुद्राकडे कान देऊन थोडा वेळ तसाच उभा राहतो.